सोनेरी बिटकॉइन: किंमत धातूला, शिक्क्याला की स्टिकरखालच्या कागदाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोठे दीर तीस वर्षं कॅलिफोर्नियात होते. ते गेल्यावर त्यांच्या सामानातून पाच नाणी घरी आली. चार मोठी, सोनेरी, प्लॅस्टिकच्या गोल डबीतली, वर ठसठशीत इंग्रजी बी. पाचवं लहान, पितळी, मागे चकचकीत स्टिकर आणि त्यातल्या बारीक खिडकीतून दिसणारी आठ अक्षरं, पहिलं १. सराफांनी चार नाणी परत दिली, "वहिनी, याला मोड नाही." नातू म्हणतो पाचव्याचा स्टिकर सोलून खाली काय आहे ते बघू. यांना काही किंमत आहे का?

आधी नातवाच्या हातातून ते पाचवं नाणं काढून घ्या. बाकीचं उत्तर मग वाचा.

मी पंचवीस वर्षं जुनी नाणी घेतो-विकतो. शिवराई, राणीछाप रुपये, संस्थानी पैसे हा माझा मूळ व्यवसाय. बिटकॉइनच्या नाण्यांकडे मी २०१३ मध्ये वळलो तो निव्वळ कुतूहलापोटी, आणि पुढे त्यात एकदा चांगलाच पोळलो, ते खाली सांगतो. गेल्या काही वर्षांत दर महिन्याला दोन-तीन जण तरी रुमालात बांधून सोनेरी बिटकॉइन घेऊन येतात. कोणाला लग्नात आहेर मिळालेला असतो, कोणी बँकॉकहून आणलेलं असतं, कोणी ऑनलाइन मागवलेलं असतं आणि "आता भाव वाढलाय ना?" असं विचारत असतो. तुमची पहिली चार नाणी त्याच जातीची आहेत.

त्यांचा हिशेब लगेच आटपू. अशा नाण्याचा व्यास साधारण ४० मिलिमीटर असतो. आत लोखंड, जस्ताचा मिश्रधातू किंवा पितळ, वर मुलामा. घरातला फ्रिजचा चुंबक लावून बघा, बरीचशी टपकन चिकटतात. गंमत म्हणजे यातल्या पुष्कळ नाण्यांवर "१ औंस, ९९९ शुद्ध तांबं" असं इंग्रजीत कोरलेलं असतं. मूळ अमेरिकन नाणं खरोखर तांब्याचं होतं, नक्कल करणाऱ्यांनी अक्षरांसकट साचा उचलला आणि धातू बदलला. चुंबकाला चिकटणारं शुद्ध तांबं मी तरी अजून पाहिलेलं नाही. समजा ते खरंच तांबं असतं, तरी ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. तांबं किलोला हजार रुपये धरलं तरी एकतीस रुपये झाले.

"पण सोन्याचा मुलामा आहे ना?" हा पुढचा प्रश्न हमखास येतो. दोन्ही बाजू आणि कड धरून अशा नाण्याचा पृष्ठभाग सुमारे २९ चौरस सेंटिमीटर भरतो. मुलामा खरोखर सोन्याचा असेल आणि त्याची जाडी एक दशांश मायक्रॉन असेल, तर एकूण सोनं साडेपाच ते सहा मिलिग्रॅम. ग्रॅमला दहा हजार रुपये धरले तर पंचावन्न-साठ रुपये, आणि ते उतरवून काढायला त्याहून जास्त खर्च. बहुतेकदा मुलाम्यात सोनं नसतंच, नुसता पिवळा रंग असतो. सराफ बरोबर बोलले. त्यांनी कसोटीवर घासायचीही तसदी घेतली नाही, यात त्यांचा अनुभव दिसतो.

शिक्क्याची किंमत? त्यावर कोणत्याही सरकारची मोहोर नाही, त्यामुळे दर्शनी किंमत शून्य. मुळात बिटकॉइन ही वस्तूच नाही, जगभरच्या हजारो संगणकांवर ठेवलेल्या एका सामायिक खतावणीतली ती नोंद आहे. सोनेरी चकतीचा त्या खतावणीशी तेवढाच संबंध, जेवढा गडाच्या पायथ्याशी दोनशे रुपयांना मिळणाऱ्या "शिवकालीन होना"चा रायगडाच्या खजिन्याशी. दुर्मिळता म्हणावी तर तीही नाही, कारखाना मागाल तितकी पाडून देतो. चारही नाणी नातवाला द्या, कॅरमवर स्ट्रायकर म्हणून जड जातील, पण पेपरवेट म्हणून छान आहेत.

एक इशारा मात्र देतो. अशा नाण्यांचे फोटो टाकले की "आम्ही पाच लाखांना घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा" असा फोन येतो. वैष्णोदेवीच्या छापाचं पाच-दहा रुपयांचं नाणं लाखांत जातं ही अफवा आठवत असेल. तीच टोळीबुद्धी इथेही चालते. जुनी नाणी-नोटा विकण्याच्या व्यवहारात आमच्या नावाने शुल्क मागितलं जातं, आम्ही असलं काही करत नाही, असं रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढून सांगावं लागलं होतं. तांदूळ ओढणाऱ्या तांब्याच्या नाण्यापायी, त्या "राइस पुलर"पायी, आपल्याकडे शिकलेल्या माणसांनी घरंदारं विकली. नाण्यापुढे माणसाची अक्कल गहाण पडते, त्याला नाणं जुनंच लागतं असं नाही.

आता पाचवं.

त्यासाठी बिटकॉइनच्या मालकीचा अर्थ नीट कळायला हवा. खतावणीत प्रत्येक शिल्लक एका पत्त्याच्या नावे असते. तो पत्ता उघड असतो, कोणीही बघावा. त्या पत्त्यावरून पैसे हलवायचे तर एक गुप्त संख्या लागते, तिला आम्ही किल्ली म्हणतो. ज्याला किल्ली माहीत त्याचे पैसे. सही जुळत नाही, आधार कार्ड आणा, शाखेत या, असा प्रकार नाही. जुन्या पेठेतल्या दर्शनी हुंडीसारखं, दाखवली की रोकड. फरक इतकाच की हुंडी हरवली तर पेढीवर जाऊन पेठ करून घेता यायची, म्हणजे दुसरी प्रत मिळायची. इथे पेढीच नाही.

ही किल्ली कागदावर लिहिता येते. मग कागद नाण्याच्या पोटात ठेवून वर फाडल्याशिवाय निघणार नाही असा स्टिकर लावला तर? अमेरिकेत युटा राज्यातल्या सँडी गावच्या माइक काल्डवेल या माणसाने २०११ मध्ये नेमकं हेच केलं. त्याच्या नाण्यांचं नाव कॅसॅशियस. पितळी नाणं, त्याच्या पोटात गोल कापलेल्या कागदावर इंग्रजी एसने सुरू होणारी छोटेखानी किल्ली, वर होलोग्राम, आणि बाहेरून दिसतील अशी पत्त्याची पहिली आठ अक्षरं. दर्शनी बाजूला लॅटिन ब्रीद, "व्हिरेस इन न्यूमेरिस", संख्येत बळ. नाणं विकण्याआधी तो त्या पत्त्यावर खरेखुरे बिटकॉइन जमा करायचा. सर्वांत जास्त चाललं ते १ बिटकॉइनचं. पुढे चांदीची नाणी निघाली, १०, २५, १०० बिटकॉइनच्या मोठ्या रकमा निघाल्या, १,००० बिटकॉइनचं सोन्याचं नाणंही निघालं. तेव्हा एका बिटकॉइनचा भाव काही डॉलर होता, त्यामुळे लोक ही नाणी गंमत म्हणून भावाबहिणींना भेट देत. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच एका बिटकॉइनने एक लाख डॉलर ओलांडले. ती भेट कोणी कुठल्या खणात टाकली असेल, कोणी वाणसामानाच्या चिल्लरीत घातली असेल, विचार केला की पोटात गोळा येतो.

नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकी अर्थखात्याच्या फिनसेन या विभागाने काल्डवेलला कळवलं की हा व्यवहार पैसे पाठवण्याच्या धंद्यात मोडतो, त्याला नोंदणी आणि परवाने लागतील. त्याने भरलेली नाणी विकणं थांबवलं. म्हणजे माल मर्यादित झाला, आणि जे मर्यादित होतं त्याच्याभोवती संग्राहक जमतात. पहिल्या वर्षीच्या काही नाण्यांवर होलोग्राममध्ये त्याच्या स्वतःच्याच ब्रँडचं स्पेलिंग चुकलं होतं, एक एस गळला होता. टपाल तिकिटं जमवणाऱ्यांना छपाईची चूक म्हणजे काय ते सांगायला नको. त्या चुकीच्या नाण्यांना सरळ नाण्यांपेक्षा जास्त मागणी असते. एएनएसीएस आणि पीसीजीएस या अमेरिकी संस्था ही नाणी तपासून, दर्जा ठरवून, कडक प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करून देतात. स्टॅक्स बोवर्ससारख्या जुन्या लिलावगृहात ती रोमन आणि मुघल नाण्यांच्या शेजारी बोलीला येतात.

तेव्हा अशा नाण्याला दोन किमती असतात. एक आतल्या बिटकॉइनची, जी रोजच्या भावाने हलते. दुसरी संग्राहकाच्या हौसेची, ती वरकड. स्टिकर सोललात की दुसरी जवळजवळ सगळी जाते. स्टिकर निघताना खाली मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी उमटते, ती पुसता येत नाही. सोललेल्या, रिकाम्या नाण्यालाही संग्राहक थोडेफार पैसे देतात, पण ती फुटक्या घड्याची किंमत.

इथवर सगळं गोड आहे. पण या नाण्यात एक भोक आहे, आणि ते स्टिकरच्या खाली नाही. किल्ली बनवली कोणी? काल्डवेलने. कागदावर छापली कोणी? त्यानेच. म्हणजे त्या किल्लीची प्रत स्वतःकडे न ठेवण्याबद्दल खरेदीदाराला त्याच्या शब्दावर विसंबावं लागलं. त्याने दगा दिला असं कोणी कधी म्हटलेलं नाही, त्याचं नाव आजही स्वच्छ आहे. पण कोणावरही विश्वास ठेवावा लागू नये म्हणून निघालेलं चलन धातूत ओतलं, आणि पहिल्याच पायरीवर एका माणसाच्या सचोटीवर येऊन बसलं. नंतर नाणी पाडणाऱ्या बऱ्याच जणांची सचोटी तपासायला आज माणूसच जागेवर नाही. काल्डवेललाही हे भोक दिसत होतं. किल्लीला पासवर्डचं कुलूप घालण्याची बीआयपी ३८ ही पद्धत मांडणाऱ्यांत तो स्वतः होता. पुढे बॅले कंपनीच्या, किल्ली आत असलेल्या कार्डांमध्ये ती वापरली गेली. ओपनडाइम नावाचा पेनड्राइव्हसारखा तुकडा तर आपली किल्ली स्वतःच तयार करतो आणि त्यावरची ठरावीक जागा टोचून फोडल्याशिवाय ती कोणालाच दाखवत नाही, बनवणाऱ्यालाही नाही. तांत्रिकदृष्ट्या तो कॅसॅशियसपेक्षा शहाणा आहे. दिसायला मात्र भंगारातला सर्किट बोर्ड, त्यामुळे कोणी मखमलीच्या पेटीत ठेवत नाही.

किल्ली दिसली की पैसे गेले, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. बिटकॉइनवर मोठ्या परताव्याचं आमिष दाखवणाऱ्या गेनबिटकॉइन योजनेच्या घोटाळ्यात तपासाला मदत म्हणून पोलिसांनी बाहेरचे दोन जाणकार घेतले होते. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी त्या दोघांनाच अटक केली. आरोप असा की आरोपींच्या वॉलेटमधले, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधले, कॉइन त्यांनी स्वतःकडे वळवले. जप्तीचा पंचनामा, सील, साक्षीदार हे सगळं आपल्याला सोन्याच्या पाटल्यांसाठी ठाऊक आहे. किल्ली ज्याने नुसती वाचली त्याच्या डोक्यात प्रत निघते, तिला सील कसं ठोकणार?

स्टिकरचंही तेच. २०१३ मध्ये लास वेगासला डेफकॉन या हॅकरांच्या मेळाव्यात हुशार मंडळींनी दाखवून दिलं की योग्य द्रावण सुईने आत सोडलं तर होलोग्राम न फाटता उचलता येतो आणि परत चिकटवता येतो. त्यामुळे "स्टिकर शाबूत आहे" म्हणजे "पैसे शाबूत आहेत" असं नाही.

माझं पोळणं इथलंच. २०१७ च्या उन्हाळ्यात दादरला एका संग्राहकाकडून मी एक होलोग्रामवालं नाणं घेतलं. दुसऱ्या एका छोट्या टांकसाळीचं, भिंग लावून पाहिलं, स्टिकरची कड निर्दोष, कोपऱ्यात सुरकुती नाही. शिवराईवरची अक्षरं वाचणारे माझे डोळे, मला वाटलं यात काय कठीण. चहा झाला, पैसे दिले, लोकलने घरी आलो आणि रात्री पत्ता खतावणीत टाकून पाहिला. शिल्लक शून्य. ते पैसे तीन वर्षांपूर्वीच निघून गेले होते. विकणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं, असं तो म्हणाला, आणि मला आजही ते खरं वाटतं. त्याच्याआधीच्या कोणी तरी काढले असतील, किंवा बनवणाऱ्यानेच. ज्या तपासणीला दोन मिनिटं लागतात ती मी व्यवहारानंतर केली. ते नाणं अजून माझ्या दुकानात काचेखाली आहे, विकायला नाही.

तर तुमच्या नाण्याकडे येऊ. तुम्ही केलेलं वर्णन कॅसॅशियसशी जुळतं. १ बिटकॉइनचं पितळी नाणं आपल्या दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा किंचित मोठं आणि राणीछाप रुपयाहून थोडं लहान असतं, म्हणजे त्या सोनेरी चकत्यांपुढे ते पोरगेलंच दिसतं. पितळ असल्यामुळे चुंबकाला चिकटत नाही. स्टिकरवर कॅसॅशियस हे नाव इंग्रजीत वाचता आलं पाहिजे. पण नकला निघाल्या आहेत, तेव्हा दिसण्यावर जाऊ नका.

करायचं ते असं. खिडकीतली आठ अक्षरं भिंगातून वाचून कागदावर उतरवा. लहान-मोठी लिपी जशीच्या तशी, कारण मोठा जी आणि लहान जी ही इथे वेगळी अक्षरं आहेत. कॅसॅशियसच्या पत्त्यांच्या याद्या जाहीर आहेत, त्यात या आठ अक्षरांवरून पूर्ण पत्ता सापडतो. तो पूर्ण पत्ता कुठल्याही ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे ती खतावणी उघडून दाखवणाऱ्या वेबसाइटवर टाका. किती बिटकॉइन कधी जमा झाले आणि अजून आहेत की गेले, सगळं समोर येईल. यात स्टिकरला हातही लागत नाही आणि कोणाला एक पैसाही द्यावा लागत नाही. "आम्ही तपासून देतो, नाणं पाठवा" म्हणणाऱ्याला नाणं पाठवू नका, मलाही नको. आणि शिल्लक दिसली तर ती बातमी घराबाहेर जाऊ देऊ नका, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही. तेवढ्या किमतीचं सोनं कपाटात आहे असं तुम्ही ग्रुपवर लिहिलं नसतं.

शिल्लक शून्य निघाली तरी नाणं अस्सल असेल तर ते संग्रहाची वस्तू आहे, जपून ठेवा.

शिल्लक असली तर घाई करू नका, त्यात पहिला प्रश्न बिटकॉइनचा नाहीच. ते नाणं तुमचं आहे का? दिरांच्या मागे पत्नी, मुलं, मृत्युपत्र काही आहे का? सामानाच्या खोक्यातून आलं म्हणून ते तुमचं होत नाही, जसं दिरांचं बँकेतलं खातं तुमचं झालं नाही. पुतणी अमेरिकेत असेल तर तिला आधी फोन करा. अशा एका नाण्यापायी दोन भावांत बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे, आणि ते नाणं रिकामं होतं हे पुढे कळलं.

मग विकायचं कसं. स्टिकर न सोलता विकलंत तर वरकड किंमत मिळते, पण त्याचा गिऱ्हाईक अमेरिकेतल्या लिलावात आहे, रविवार पेठेत नाही. इथून भरलेलं नाणं कुरियरने पाठवणं मला पटत नाही. विम्याच्या कागदावर काय लिहिणार, "पितळी चकती, किंमत एक बंगला"? वारसांपैकी कोणी तिकडे असेल तर त्यांनीच तिथे दर्जा ठरवून घेऊन लिलावाला द्यावं, हे सर्वांत सोपं.

सोलायचंच ठरलं तर एकदाच, एका बैठकीत, जाणत्या आणि घरच्या माणसाला शेजारी घेऊन. आधी स्वतःचं नवं वॉलेट तयार ठेवा. मग स्टिकर काढा, कागदावरची किल्ली वाचा. सुरुवातीच्या नाण्यांत ती २२ अक्षरांची आहे, नंतरच्यांत ३० अक्षरांची. ती कुठल्याही वेबसाइटवर टाकायची नाही, फोनने तिचा फोटो काढायचा नाही, कारण फोटो आपोआप क्लाउडवर चढतो. इलेक्ट्रमसारख्या वॉलेटमध्ये "स्वीप" नावाची सोय आहे, तिने जुन्या पत्त्यावरची सगळी रक्कम एका फटक्यात नव्या पत्त्यावर घ्यायची. थोडी काढून बाकी तिथेच ठेवायची नाही. उघडी पडलेली किल्ली परत झाकली जात नाही.

एक छोटा बोनसही असतो. १ ऑगस्ट २०१७ रोजी खतावणी फुटून बिटकॉइन कॅश हे वेगळं नाणं निघालं, तेव्हा त्याआधी भरलेल्या आणि न हललेल्या पत्त्यांवर तितकंच बिटकॉइन कॅश आपोआप आलं. तुमचं नाणं त्यापूर्वीचं असेल तर त्याच किल्लीने तेही मिळतं. त्याची किंमत बिटकॉइनच्या तुलनेत किरकोळ आहे, पण सोडू नये. मात्र आधी बिटकॉइन सुरक्षित हलवा, मग त्याच्या मागे लागा. उलट क्रमाने जाणारे लोक किल्ली भलत्याच सॉफ्टवेअरच्या हवाली करून दोन्ही गमावतात.

कराचं एका वाक्यात: २०२२-२३ पासून भारतात अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि वर उपकर, खरेदी किमतीशिवाय दुसरी वजावट नाही, दुसऱ्या कॉइनमधला तोटाही यातून वजा होत नाही. वारशाने आलेल्याची खरेदी किंमत काय धरायची हे सीएला विचारा, तेही विकण्यापूर्वी.

बरेच जण यात अजून एक गोंधळ करतात म्हणून लिहितो. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईसह चार शहरांत रिझर्व्ह बँकेने सामान्यांसाठी सुरू केलेला डिजिटल रुपया आणि हे नाणं यांचा काही संबंध नाही. डिजिटल रुपया सरकारी आहे, त्याचं धातूचं नाणं निघालेलं नाही, आणि "डिजिटल रुपयाचं सोन्याचं नाणं" म्हणून कोणी विकायला आलं तर ते पहिल्या चार चकत्यांचं भावंड समजा.

आज संध्याकाळी भिंग आणि कागद घ्या, आठ अक्षरं उतरवा. नातवालाच वाचायला सांगा, त्याचे डोळे चांगले असतील. फक्त नाणं तुमच्या हातात राहू द्या.